गाडी खाली कधी होणार? : ट्रकचालकाच्या हिशेबाची ओळख

नवी मुंबईतल्या कळंबोलीच्या लोखंड बाजारात सकाळच्या वेळी एखाद्या ट्रान्सपोर्ट ऑफिसबाहेर थोडा वेळ उभे राहिले, तर एक संवाद पुन्हा पुन्हा कानावर पडतो. आतला मुनशी गावाचे नाव, मालाचे वजन आणि भाडे सांगतो. नवखा चालक लगेच भाड्यावरून घासाघीस सुरू करतो. मुरलेला चालक आकडा ऐकून घेतो आणि विचारतो, ‘‘ते ठीक आहे शेठ, पण तिथे गाडी खाली कधी होणार?’’ खाली होणे म्हणजे माल उतरून गाडी रिकामी होणे. रस्त्यावरून जाणारा ट्रक पाहिला की आपल्याला वाटते, जितकी चाके फिरतील तितका पैसा. प्रत्यक्षात चालकाच्या आणि गाडीमालकाच्या मिळकतीवर सर्वांत मोठा घाव घालतो तो गाडी उभी असण्याचा वेळ, आणि त्या वेळेचे पैसे बहुतेकदा कोणीच देत नाही. भाडे घ्यायचे की सोडायचे, याचा सारा विचार या एका गोष्टीभोवती फिरतो.

आधी मालामागची साखळी पाहू. माल ज्याचा, त्याला या धंद्यात ‘पार्टी’ म्हणतात. पार्टी ट्रान्सपोर्टरला माल देते. ट्रान्सपोर्टरकडे स्वतःच्या गाड्या पुरेशा नसतात, म्हणून तो दलालाकडे गाडी मागतो. दलाल गाडीमालकाला फोन लावतो आणि मालक चालकाला. प्रत्येक टप्प्यावर भाड्यातून काही ना काही कापले जाते, त्यामुळे पार्टीने मोजलेली रक्कम आणि गाडीच्या हाती आलेली रक्कम यांत बरेच अंतर पडते. आता मोबाइलवरच्या अॅपमध्येही माल दिसतो, तरीही ओळखीचा दलाल टिकून आहे. पैसे बुडणार नाहीत अशी तोंडी हमी त्याच्याकडून मिळते आणि रात्री दोन वाजता गाडी अडली तर तो फोन उचलतो. या दोन गोष्टींसाठी चालक आणि मालक त्याची दलाली फारशी कुरकुर न करता देतात.

साखळीच्या शेवटी जो स्टिअरिंगवर बसतो, तो तीनपैकी एका प्रकारचा असतो, आणि एकच भाडे या तिघांना तीन वेगळ्या रूपांत दिसते. पहिला स्वतःच्या गाडीचा मालक असतो. गाडीचा हप्ता, विमा, टायर सारे त्याच्याच खिशातून जाते. दुसरा पगारी असतो. त्याला महिन्याचा पगार आणि रस्त्यावरच्या दिवसांचा भत्ता मिळतो. तिसरा उक्त्या रकमेवर काम करतो. अमुक गावाच्या एका फेरीचे इतके पैसे असे आधीच ठरते, आणि डिझेल, जेवण, किरकोळ खर्च भागवून जे उरेल ते त्याचे. गाडी चार दिवस अडकली की पहिल्याचा हप्ता चढतो, दुसऱ्याचा पगार चालू राहतो पण घरी जाण्याचा दिवस पुढे जातो, आणि तिसऱ्याची उरलेली रक्कम ढाब्यावर खर्च होते.

एक उदाहरण घेऊ. यातले आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. बाजारातला दर रोज बदलतो. गाडी दहाचाकी, माल १९ टन, डिझेल ९० रुपये लिटर, भरलेल्या गाडीला लिटरमागे ४ किलोमीटर आणि रिकाम्या गाडीला ५ किलोमीटर. कळंबोलीत एकाच सकाळी दोन भाडी समोर आहेत : नागपूरचे ४६,००० रुपयांना आणि कोल्हापूरचे २१,००० रुपयांना.

नागपूर ८०० किलोमीटर धरू. जाताना २०० लिटर डिझेलचे १८,०००, टोलचे ५,०००, चालकाचे येण्याजाण्याचे मिळून ५,०००, माल चढवण्या-उतरवण्याच्या वाराईचे २,००० आणि दलालीचे १,००० असे ३१,००० रुपये जातात. हातात १५,००० उरतात, आणि इथेच थांबलेला माणूस खूश होतो. पण गाडीला परत यायचे असते. ती रिकामी आली तर १६० लिटर डिझेलचे १४,४०० आणि टोलचे ५,००० असे १९,४०० रुपये लागतील, म्हणजे पूर्ण फेरीत ४,४०० रुपयांचा तोटा. म्हणून चालक नागपुरात परतीच्या मालाची वाट पाहतो. समजा, दोन दिवसांनी त्याला मुंबईचा माल २४,००० रुपयांना मिळाला. त्यावर डिझेल, टोल, वाराई, दलाली मिळून २६,००० खर्च झाले, म्हणजे परतीच्या भाड्यात २,००० रुपये पदरचे गेले. तरीही रिकामे येण्यापेक्षा हे कितीतरी बरे. पूर्ण फेरीत उरले १३,००० रुपये. भरणे, जाणे, खाली होणे, थांबणे, येणे आणि पुन्हा खाली होणे यांत नऊ दिवस गेले. दिवसाला पडले साधारण १,४४४ रुपये.

आता कोल्हापूर, एका बाजूने ३६० किलोमीटर धरू. जाताना ९० लिटर डिझेलचे ८,१००, टोलचे ३,०००, चालकाचे २,०००, वाराईचे १,५०० आणि दलालीचे ५०० असे १५,१०० रुपये जाऊन ५,९०० उरतात. कोल्हापूरहून साखर, गूळ किंवा शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतले ओतकाम असा माल मुंबईकडे येतच असतो. परतीचे भाडे १५,००० मिळाले, तर १३,१०० खर्च वजा जाता १,९०० उरतात. एकूण ७,८०० रुपये, आणि दिवस लागले चार. म्हणजे दिवसाला १,९५०. आठ दिवसांत अशा दोन फेऱ्या केल्या तर १५,६०० रुपये, तेही नागपूरपेक्षा एक दिवस आधी.

गाडीचा हप्ता महिन्याला ४५,००० असेल, तर तो दिवसाला १,५०० रुपये पडतो, गाडी चालो वा उभी राहो. नागपूरच्या फेरीत तो हप्ताही निघत नाही. हाच परतीचा माल नागपूरला पोहोचल्याच्या दिवशीच मिळाला असता, तर नऊचे सात दिवस झाले असते, रोजचे १,८५७ रुपये पडले असते आणि तेच भाडे परवडले असते. भाड्याचा आकडा जिथल्या तिथे आहे. बदलले ते फक्त उभे राहण्याचे दोन दिवस. म्हणून चालक गावाचे नाव ऐकताच मनात दुसरे गाव शोधू लागतो : तिथून माल कुठला निघतो, कोणत्या महिन्यात निघतो आणि माझ्या घराच्या वाटेवर निघतो का. विदर्भात संत्र्यांचा हंगाम असताना नागपूर गोड वाटते आणि हंगाम सरला की तेच नागपूर नकोसे होते.

वजनाचाही असाच एक मोह असतो. भाडे पुष्कळदा टनावर ठरते, त्यामुळे तीन टन जास्त चढवले की तीन टनांचे भाडे जास्त. केंद्र सरकारने २०१८ साली अॅक्सलवरच्या, म्हणजे चाकांच्या आसावरच्या, भाराची मर्यादा वाढवली. त्यानंतर दोन अॅक्सलच्या सहाचाकी ट्रकला गाडी आणि माल मिळून १८.५ टन आणि तीन अॅक्सलच्या दहाचाकीला २८.५ टन अशी परवानगी आहे. दहाचाकीचे स्वतःचे वजन साडेनऊ टनांच्या आसपास धरले तर मालाला १९ टन उरतात, आणि आपल्या उदाहरणातला आकडा तिथूनच आला. कोल्हापूरचा दर टनाला साधारण १,१०० पडतो. तीन टन जादा घेतले तर ३,३०० रुपये जास्त मिळतील. पकडले गेल्यास मोटार वाहन कायद्याच्या २०१९ सालच्या दुरुस्तीप्रमाणे दंड आहे २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये, म्हणजे या उदाहरणात २६,००० रुपये. शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो, आणि त्यासाठी दुसरी गाडी येईपर्यंत ही गाडी उभी. म्हणून शहाणा चालक भरून निघताना काट्यावर वजन करून पावती खिशात ठेवतो. पार्टीच्या गोदामातल्या काट्यावर तो पूर्ण विश्वास टाकत नाही, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

माल कोणता, यालाही किंमत असते. लोखंडाच्या सळया अचानक ब्रेक लागला की केबिनकडे सरकतात. पत्र्याचे गुंडाळे नीट बांधले नाहीत तर घाटाच्या वळणावर गाडीचा तोल घालवतात. सिमेंटच्या पोत्यांवर पावसात ताडपत्री फाटली तर भिजलेल्या पोत्यांचा भुर्दंड गाडीवर येतो. काच आणि रसायने यांना भाडे बरे मिळते, पण झोप मिळत नाही.

आता वेळेकडे येऊ. वेळापत्रक पार्टी ठरवते असे वरवर दिसते. प्रत्यक्षात ते चार-पाच घड्याळांवर चालते आणि ही घड्याळे एकमेकांशी जुळत नाहीत.

पहिले घड्याळ ई-वे बिलाचे. ५०,००० रुपयांहून अधिक किमतीचा माल परराज्यात न्यायचा असेल तर वस्तू व सेवा कराच्या संकेतस्थळावर ही नोंद करावी लागते. १ एप्रिल २०१८ पासून ती आंतरराज्य वाहतुकीला सक्तीची झाली आणि नंतर राज्यांतर्गत वाहतुकीलाही लागू झाली. १ जानेवारी २०२१ पासून तिची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी आहे. त्याआधी ती दर १०० किलोमीटरला एक दिवस होती. म्हणजे नागपूरच्या ८०० किलोमीटरना चार दिवस मिळतात. चालणाऱ्या गाडीला ते भरपूर होतात, पण गिअरबॉक्स फुटून गाडी ढाब्यावर पडून राहिली की कमी पडतात. मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवून घेता येते, मात्र मालकाला किंवा ट्रान्सपोर्टरला वेळेत फोन लागला पाहिजे. मुदत उलटलेले बिल घेऊन गाडी तपासणीत सापडली तर कराचा वाद पार्टीचा असतो, पण अडवलेल्या गाडीत बसून राहतो तो चालक.

दुसरे घड्याळ शहराचे. मुंबई आणि ठाण्यात गर्दीच्या तासांत अवजड वाहनांना बंदी असते, आणि दक्षिण मुंबईत ती अधिक कडक असते. मस्जिद बंदर किंवा दाणा बंदर परिसरात माल उतरवायचा असेल, तर पहाटेच्या आत शिरून बाहेर पडण्याचा बेत आखावा लागतो. तो चुकला तर गाडी वेशीबाहेर रस्त्याच्या कडेला उभी राहते आणि एक दिवस वाया जातो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला, तेव्हा पुष्कळांना टोलनाके सुटल्याचा आनंद झाला. ट्रकला मात्र तो टोल अजूनही भरावा लागतो, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. गणेशोत्सवात मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहने ठरावीक दिवस बंद ठेवली जातात. त्या आठवड्यात कोकणचे भाडे घेणारा चालक एकतर बंदीच्या आधी खाली होऊन परततो, नाहीतर कोल्हापूरमार्गे घाट उतरण्याचे जादा डिझेल आधीच मागून घेतो.

तिसरे घड्याळ बाजाराचे, आणि तेच सर्वांत निर्दय. वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत भाजीपाला मध्यरात्रीनंतर उतरतो आणि उजाडण्याच्या सुमाराला त्याचा व्यवहार सुरू असतो. जुन्नर किंवा नाशिककडून निघालेला टेम्पो कसारा किंवा माळशेज घाटात दोन तास अडकला, तर कोथिंबिरीचा भाव पडलेला असतो. तोटा शेतकऱ्याचा किंवा व्यापाऱ्याचा असला तरी त्याचा राग भाड्यात कापून निघतो. त्यामुळे भाजीची गाडी चालवणारा वेगळ्या घडणीचा असतो. त्याचा मार्ग आखूड आणि रोजचा, पण रात्र कधीच त्याची नसते.

भिवंडीच्या गोदामांत याच्या उलट परिस्थिती असते. मोठ्या कंपन्यांच्या गोदामांत माल उतरवण्याची वेळ आधी ठरवून दिलेली असते; तिला ‘स्लॉट’ म्हणतात. त्या वेळेच्या सहा तास आधी पोहोचलात तरी फाटकाबाहेरच थांबावे लागते, आणि अर्धा तास उशीर झाला तर पुढचा स्लॉट कदाचित दुसऱ्या दिवशीचा मिळतो. लवकर पोहोचण्याचे इथे काही बक्षीस नाही, म्हणून जाणता चालक वाटेतच झोप काढतो. न्हावाशेवाच्या बंदरातही असेच. १९८९ साली सुरू झालेल्या या बंदरात निर्यातीचा कंटेनर जहाजासाठी ठरलेल्या मुदतीत फाटकातून आत जावाच लागतो, कारण ती चुकली तर जहाज निघून जाते. त्यामुळे पार्टी घाई करते, ट्रेलर रांगेत उभा राहतो आणि आतून बाहेर पडायला किती तास लागतील हे सुटण्याआधी कोणीही छातीठोकपणे सांगत नाही. बंदराच्या फेऱ्या करणारे चालक म्हणून किलोमीटरऐवजी फेरीवर पैसे ठरवतात, आणि दिवसात दोन फेऱ्या बसतील की एकच, एवढ्यावर त्यांचा महिना उभा असतो.

रस्त्याची निवडही वेळ आणि पैसा यांच्या मधोमध होते. नागपूर ते भिवंडीजवळच्या आमणेपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. भरलेली आणि घाईची गाडी त्यावरून नेणे परवडते, कारण वाचलेला दिवस टोलपेक्षा मोलाचा असतो. परतीचा माल हलका आणि घाईचा नसलेला असेल, तर जुन्या रस्त्याने टोल वाचवण्याचा विचार मनात येतोच. फास्टॅगमुळे टोल मालकाच्या खात्यातून परस्पर जातो, त्यामुळे उक्त्या रकमेवरचा चालक आणि मालक यांच्यात कोणत्या रस्त्याने जायचे यावरून हमखास वाजते.

पैसे कसे मिळतात, हा भाड्याइतकाच महत्त्वाचा मुद्दा. माल भरताना भाड्याचा मोठा भाग अॅडव्हान्स म्हणून मिळतो, कारण त्यातूनच डिझेल आणि टोल भागवायचे असतात. उरलेली बाकी ‘पोच’ आल्यावर मिळते. पोच म्हणजे बिल्टीची, मालासोबतच्या वाहतूक पावतीची, ती प्रत, जिच्यावर माल उतरवून घेणाऱ्याने सही-शिक्का दिलेला असतो. त्या प्रतीवर ‘दोन नग कमी’ किंवा ‘पोती भिजलेली’ अशी एक ओळ लिहिली गेली की बाकीतून कपात होते, आणि तेव्हा चालक नागपुरात आणि बाकी मुंबईत असल्यामुळे वाद घालणे अवघड जाते. म्हणून बाकी किती दिवसांनी मिळते, याची दलालाची ख्याती चालक एकमेकांत आधीच सांगून ठेवतात. दोन हजार कमी भाडे पण आठ दिवसांत बाकी देणारा दलाल, जास्त भाडे देऊन दीड महिना फिरवणाऱ्यापेक्षा बरा ठरतो. कारण त्या दीड महिन्यात डिझेल उधारीवर घ्यावे लागते.

वाराईचा वाद जुना आहे. माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी मालधन्याने द्यायची की गाडीने, यावर वाहतूकदार ‘जिसका माल उसका हमाल’ अशी घोषणा देत आले आहेत. महाराष्ट्रात हमालांसाठी १९६९ पासून माथाडी कायदा आहे आणि त्या कामगारांची मजुरी त्यांच्या हक्काची आहे, यात शंका नाही. प्रश्न इतकाच की ती कोणाच्या खिशातून जावी. आणि भाडे ठरताना ही गोष्ट बोलून घेतली नाही, तर ती गाडीच्या खिशातून जाते.

पगारी चालकाचा हिशेब काहीसा निराळा. त्याला भाड्याशी थेट देणेघेणे नसते. तो पाहतो भत्ता, डिझेलच्या सरासरीवर मालक देत असलेले बक्षीस आणि घर किती दिवसांनी दिसणार ते. बीडचा चालक नगर-बीडमार्गे जाणारी फेरी शंभर-दोनशे रुपये कमी घेऊनही पकडतो, कारण वाटेत एक रात्र घरी काढता येते. उत्तर प्रदेश आणि बिहारमधले चालक होळीला आणि छठला गावी जातात, तेव्हा चालक मिळेनासे होतात, गाड्या उभ्या राहतात आणि मागे राहिलेल्याला तोंडाला येईल तो भत्ता मागता येतो.

झोपेचा हिशेब कागदावर चांगला आहे. १९६१ सालच्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास काम, लांब पल्ल्यासाठी जास्तीत जास्त दहा तास, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती अशी मर्यादा घातली होती. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले, ही खरोखर चांगली गोष्ट आहे. पण गोदामाबाहेर बारा तास रांगेत गेलेला चालक ते तास रात्री रस्त्यावर भरून काढतो, कारण रांगेतले तास विश्रांतीचे धरले जातात. इंजिन बंद असले तरी रांग पुढे सरकवायला तो जागाच असतो.

या उभ्या वेळेचे पैसे मागण्याची एक पद्धत आहे. तिला ‘हॉल्टिंग’ म्हणतात : ठरलेल्या सवलतीच्या वेळेनंतर गाडी थांबली, तर दिवसाला अमुक रुपये. ते बोलीत असेल तरच मिळते, आणि बोलीत असूनही पुराव्याशिवाय मिळत नाही. म्हणून अनुभवी चालक गोदामाच्या फाटकावर पोहोचताच पहिले काम करतो ते पहारेकऱ्याच्या वहीत तारीख आणि वेळ लिहून घेण्याचे, मग बिल्टीच्या मागे तीच वेळ लिहून त्याची सही घेण्याचे, आणि शेवटी फाटकाचा, वहीचा आणि सहीचा फोटो मालकाला पाठवण्याचे. पहारेकरी सही द्यायला नाखूश असतो, कारण त्याला तशी परवानगी नसते. मग गाडीतला चहा पहारेकऱ्याच्या केबिनकडे जातो आणि थोड्या वेळाने वही उघडली जाते.